स्मृती आपली, टीम त्यांची!

लाडकी प्लेअर ‘दुसऱ्यांच्या’ टीममध्ये गेली की फॅननं काय करायचं? उत्तर सापडलं निमगाव सावात, मामाच्या टीव्हीसमोर...

१५ मार्च २०२४. शुक्रवार संध्याकाळ. सगळं पुणं वीकेण्डच्या मूडमध्ये आणि मी चाकणच्या ट्रॅफिकमध्ये! नारायणगाव ओलांडून मामाच्या घरी पोचले, तेव्हा मॅच सुरू झाली होती. विमेन्स प्रीमियर लीगची एलिमिनेटर. मुंबई विरुद्ध बंगळुरू. जो हरेल तो घरी.

घरात सरळसरळ दोन पार्ट्या. मामा पक्का मुंबईवाला. माझी मामेबहीण, वय वर्षं सोळा, गावच्या पोरांत एकटी मुलगी म्हणून बोलिंग टाकणारी, ती स्मृती मानधनाची डाय-हार्ड फॅन. म्हणजे आज बंगळुरूची.

“आपल्या मातीतली पोरगी अन् खेळती कुणाकडून? बंगळुरूकडून!” मामाची ही तक्रार वर्षभर जुनी. जन्म मुंबईचा, वाढली सांगलीत, खेळली महाराष्ट्राकडून. १३ फेब्रुवारी २०२३ ला मुंबईत लीगचं पहिलं ऑक्शन झालं, तेव्हा सगळ्यात आधी तिचंच नाव पुकारलं गेलं. बेस प्राइस ५० लाख. मुंबईनंही बोली लावली, पण ३ कोटी ४० लाखांना बंगळुरूनं बाजी मारली. त्या ऑक्शनमधली ती सगळ्यात महागडी प्लेअर. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज दिल्लीकडे गेली, २ कोटी २० लाखांना. आणि मुंबईची कॅप्टन? पंजाबातल्या मोग्याची हरमनप्रीत कौर!

“पैशासाठी गेली,” मामा म्हणाला.

“पप्पा, ती गेली नाही. तिला नेलं,” बहीण फटकन बोलली.

बॉस, पोरीचा पॉइंट करेक्ट होता. ऑक्शनमध्ये प्लेअर फक्त नाव देते, टीम निवडत नाही. ट्रेडचा फंडा वेगळा. तिथं दोन टीम आपसात सौदा करतात. कधीकधी तर प्लेअरलाच जायचं असतं. अमेरिकेतल्या बायकांच्या प्रो बास्केटबॉलमध्ये २०१७ साली एलेना डेल डॉन शिकागोकडून वॉशिंग्टनला ट्रेड झाली. तिला डेलावेअरच्या आपल्या घराजवळ खेळायचं होतं. २०१९ मध्ये तिनं वॉशिंग्टनला चॅम्पियन केलं.

आपल्याकडे ट्रेड म्हटलं की आठवतो हार्दिक पंड्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो गुजरातहून मुंबईला परतला, रोहित शर्माच्या जागी कॅप्टन झाला आणि २०२४ च्या सीझनमध्ये चक्क वानखेडेवर त्याची हुर्यो उडाली. स्वतःच्याच टीमच्या फॅन्सकडून!

निमगावात मात्र सीन वेगळा. आजी कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली. म्हणाली, “पोरगी कुठंबी नांदू दे, ती आपलीच.”

“आजी, सासरी कोण साडेतीन कोटी देतं गं?” बहीण. सगळे खो खो हसले.

बंगळुरूच्या १३५ रन्स झाल्या होत्या. मुंबईला शेवटच्या तीन ओव्हर्समध्ये २० हव्या होत्या. हरमनप्रीत क्रीजवर. मामा निवांत. तेवढ्यात श्रेयांका पाटीलनं हरमनप्रीतला काढलं. शेवटच्या ओव्हरला १२ हव्या, बॉल आशा शोभनाच्या हातात. मुंबई पाच रन्सनी हरली! बहीण अंगणात उड्या मारतेय आणि मामा... मामा गालातल्या गालात हसतोय. “स्मृती जिंकली ना? मग झालं!” दोन दिवसांनी तिच्या टीमनं फायनलही मारली.

जेवताना खरी गोष्ट कळली. पुण्यातल्या एका क्लबनं बहिणीला बोलावलं होतं. इथं प्रॅक्टिसला ना धड पिच, ना वेळ. बिबट्याच्या भीतीनं अंधार पडायच्या आत घर गाठावं लागतं. पण गावची पोरं रुसली होती, “आता आमच्याकडून बोलिंग कोण टाकणार?” आणि महिनाभर मामाचंच ‘बघू’ चाललं होतं. लोक काय म्हणतील, पोरगी एकटी कशी राहील, वगैरे वगैरे.

त्या रात्री हात धुता धुता तो मला म्हणाला, “तुझ्या खोलीवर एक गादी मावंल का गं?”

मावली! तेव्हापासून माझ्या रूममध्ये किटबॅगला अडखळल्याशिवाय दाराकडे जाता येत नाही. पहिल्या मॅचला मामा कांद्याची गाडी मार्केट यार्डात रिकामी करून थेट ग्राउंडवर आला. समोरची टीम कोणती, आपली कोणती, त्याला पत्ताच नव्हता. बहिणीनं विकेट काढली, तेव्हा सगळ्यात मोठी शिट्टी मात्र त्याचीच होती.

मंडळी, ऑफिसात कुणी नोकरी बदलली की आपणही ‘गद्दार’ म्हणून चिडवतोच ना? पुढच्या वेळी आधी एक करा. त्याला विचारा, तिकडे बरं चाललंय ना?