आई गजांआड, लेकरू दाराबाहेर

छत्तीसगडमधल्या भिलाईत कुणाला अटक झाली की कोर्ट दुर्गचं आणि तुरुंगही दुर्गचाच. भिलाई पोलाद कारखान्याच्या सेक्टरांपासून दुर्ग इतकं जवळ आहे की एक शहर संपून दुसरं कुठे सुरू झालं, ते नवख्याला कळतही नाही. तरी ज्या घरातली आई त्या तुरुंगात जाते, त्या घरातल्या मुलांसाठी हे अंतर फार मोठं होतं. मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर ते आईबरोबर आत राहू शकतं. सहाच्या वरचं असेल तर बाहेर. ही सहा वर्षांची रेघ देशातल्या सगळ्याच तुरुंगांत आहे, आणि तिच्या अलीकडची-पलीकडची व्यवस्था नीट समजून घ्यावी अशी आहे.

या व्यवस्थेचा पाया म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा 13 एप्रिल 2006 चा निकाल, आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार. आईसोबत राहणारं मूल कैदीही नाही आणि कच्चा कैदीही नाही, असं न्यायालयाने त्यात बजावलं. त्याला अन्न, निवारा, औषधपाणी, कपडे, शिक्षण आणि खेळ हक्काने मिळालं पाहिजे. तीन वर्षांखालच्यांसाठी पाळणाघर, तीन ते सहा वयाच्यांसाठी बालवाडी, आणि तीही शक्यतो तुरुंगाच्या आवाराबाहेर. बाळंतपण होता होईल तो बाहेरच्या दवाखान्यात. तुरुंगात मूल जन्मलंच, तर जन्मदाखल्यावर तुरुंगाचं नाव येता कामा नये, फक्त त्या भागाचा पत्ता लिहायचा. एका ओळीची ही सूचना मला फार मोलाची वाटते. शाळाप्रवेशापासून लग्नापर्यंत हा कागद माणसाची पाठ सोडत नाही.

या मुलांचं काय होतं, याचं वर्णनही त्या निकालात आलं आहे. बायकांच्या बराकीतच वाढल्यामुळे काही मुलगे मुलींसारखं बोलतात. मराठीत सांगायचं तर ‘मी जातो’ऐवजी ‘मी जाते’ म्हणतात, कारण कानावर तेच पडलेलं असतं. पुरुष म्हणून दिसतात ते पोलीस आणि तुरुंगाचे अधिकारी. कधी बाहेर नेलंच, तर रस्त्यावरची जनावरं पाहून ही मुलं घाबरतात. चार वर्षांचं पोर गाय बघून आईला बिलगतं, यात त्याचा काय गुन्हा?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 च्या अखेरीला देशभरातल्या तुरुंगांत 1,537 महिला आपल्या 1,764 मुलांसह राहत होत्या. त्यातल्या 1,312 महिला कच्च्या कैदी होत्या. म्हणजे बहुतेक मुलांच्या आयांवरचा गुन्हा अजून सिद्धच व्हायचा होता.

सहा वर्षं पूर्ण झाली की पुढचा प्रश्न उभा राहतो. निकाल म्हणतो, आईच्या इच्छेप्रमाणे मूल नातेवाइकांकडे द्यावं, ते जमत नसेल तर समाजकल्याणाच्या संस्थेत ठेवावं, संस्था शक्यतो त्याच गावातली असावी आणि आठवड्यातून एकदा तरी मायलेकरांची भेट व्हावी. हे आपोआप घडत नाही. भिलाईपासून दीडेकशे किलोमीटरवरच्या बिलासपूरच्या सेंट्रल जेलमध्ये 2019 साली जिल्हाधिकारी संजय अलंग पाहणीला गेले. तिथे त्यांना सहा वर्षांची एक मुलगी भेटली. तिला बाहेरच्या शाळेत शिकायचं होतं. त्यांनी शहरातल्या एका खासगी निवासी शाळेत तिचा प्रवेश करून दिला आणि शाळेने तिच्या शिक्षणाचा खर्च उचलला. अलंग यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण एका मुलीची शाळा एका भल्या अधिकाऱ्याच्या फेरीवर अवलंबून राहावी, हे मला पटत नाही. त्या दिवशी ते गेले नसते तर?

आतल्या मुलांची निदान मोजदाद तरी होते. बाहेर राहिलेल्यांची कोण ठेवतो? बापाला पकडलं, आई दिवसभर कामावर, थोरलीने शाळा सोडून धाकट्यांना सांभाळायचं. अशा घराची नोंद तुरुंगाच्या आकडेवारीत सापडत नाही. वाढलेल्या मुलांचंही हेच. भिलाईत कामगारांमध्ये अनेक वर्षं काम केलेल्या वकील सुधा भारद्वाज यांना 28 ऑगस्ट 2018 रोजी अटक झाली. आधी पुण्यात येरवडा, मग मुंबईत भायखळा. 9 डिसेंबर 2021 ला त्या जामिनावर बाहेर आल्या. त्यांची मुलगी तेव्हा कॉलेजच्या वयाची. भिलाईहून मुंबई-पुणे हजार किलोमीटरच्या वर आहे. एवढ्या लांब जायचं, रांगेत नाव लावायचं आणि मुलाखतीच्या खिडकीशी काही मिनिटं बोलायचं. शिकल्यासवरल्या, लोकांच्या ओळखीच्या घराची ही तऱ्हा, मग रोजंदारीवरच्या बाईने पोरांना घेऊन मुलाखतीला कसं जावं? भारद्वाज यांच्यावरच्या खटल्याबद्दल कुणाचं काहीही मत असो, मुलाच्या भेटीच्या हक्काला त्याची आडकाठी होऊ नये.

अटक झाली की नातेवाइकाला किंवा मित्राला कळवण्याचं बंधन कायद्याने पोलिसांवर आहे. घरी लहान मूल आहे का, आज रात्री ते कुणाजवळ झोपेल, हेही त्याच वेळी विचारायला हवं. भारताने 1992 साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या नवव्या कलमात, तुरुंगात टाकलेले आईबाप कुठे आहेत हे विचारल्यावर मुलाला सांगणं सरकारचं काम मानलं आहे. इटलीत 2014 साली न्यायमंत्रालयाने कैद्यांच्या मुलांच्या हक्कांची सनदच मान्य केली. आपल्याकडे पैशाची सोय काही प्रमाणात आहे. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना तुरुंगातल्या पालकांच्या मुलांनाही लागू आहे आणि 2023 पासून तिच्यात महिन्याला 2,250 रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाची रक्कम मुलामागे महिना 4,000 रुपये आहे आणि ती छत्तीसगडलाही लागू आहे. सांभाळ करायला पालक असमर्थ असतील, तर तिथे अर्ज करता येतो. उत्पन्नाची अट आहे, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे कागद द्यावे लागतात. पण गजांआडच्या आईला हे सांगणार कोण, आणि तिच्या वतीने खेटे घालणार कोण?

तुमच्या गल्लीत, चाळीत किंवा क्वार्टरच्या रांगेत अशी मुलं असतील, तर त्यांच्या आजीला किंवा मावशीला या योजनांची नावं सांगा आणि अर्ज भरून द्या. मूल एकटं पडलेलं दिसलं, तर 1098 वर फोन करा. हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.