घरच्या घरी वल्हं

पावसाळ्यात नदीला पूर आला, की माझ्या मुलीचा कयाकचा सराव बंद पडायचा. म्हणून मी घरीच यंत्र करायला घेतलं. जुन्या सायकलचं चाक, दोन दोऱ्या आणि एक दांडा. विरोधासाठी चाकाला चामडी पट्ट्याचा ब्रेक लावला. आठवड्यात मुलीचा खांदा धरला. चूक तिची नव्हती, माझ्या यंत्राची होती.

पट्ट्याचं घर्षण वेग कमी असो वा जास्त, जवळजवळ तेवढंच राहतं. त्यामुळे खेचीच्या पहिल्याच क्षणी सगळा भार खांद्यावर येतो. पाण्याचं तसं नाही. वेग दुप्पट केला, की पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. हाच गुण हवेतही आहे. म्हणून पट्टा काढून आऱ्यांवर पत्र्याची पाती बसवली. अमेरिकेतल्या ड्रायसिगॅकर बंधूंनीही १९८१ साली आपलं पहिलं रोइंग यंत्र सायकलच्या चाकाला पाती लावूनच केलं होतं.

तरी झटका बसेच, कारण चाक हलकं होतं. दोन खेचींच्या मध्ये ते मंदावे आणि पुढची खेच त्याला नव्याने पळवण्यात जाई. पाण्यावर माणूस आणि नाव मिळून ८० किलो वजन पुढे सरकतच असतं. सेकंदाला ३ मीटर वेग असेल, तर त्यात ३६० ज्यूल ऊर्जा असते. तेवढी चाकात साठवायला हवी. मध्यापासून ३० सेंटीमीटरवर साडेचार किलो वजन ठेवून चाक मिनिटाला ४०० फेरे फिरवलं, तर हिशेब जवळपास जुळतो. वजन मात्र काठालाच हवं. तेच आसापाशी ठेवलं, तर फारसा उपयोग नाही.

मग १२ मिलिमीटर सळईची दोन कडी वेल्डरकडून काठावर बसवून घेतली. धाव धरून ती सव्वाचार-साडेचार किलो भरली. प्रत्येक दोरीला स्वतंत्र फ्रीव्हील दिलं, म्हणजे रबरी दोरी ती मागे घेत असताना चाक मोकळं फिरतं. हाताने फिरवून चाकाचा तोल पाहिला आणि भोवती मजबूत जाळी ठोकली. जड चाकाजवळ हात जाणं परवडणारं नाही.

खांदा बरा झाल्यावर मुलगी यंत्रावर बसली. चार वेळा वल्हवून थांबली. चाक घरघरत राहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "आता नाव सरकतेय."