हाताळलेला मासा आठवड्याने का मरतो?

तलावात मत्स्यबीज सोडण्याच्या दिवसांत एक वाद हमखास उभा राहतो. रोहू-कटल्याची बोटुकली सोडताना जिवंत असते, चपळ असते. आणि पाच-सात दिवसांनी मेलेली काठाला लागते. मग बोट रोखले जाते ते जाळे ओढणाऱ्यावर. त्याची मजुरी कापल्याच्या तक्रारी आम्ही पुष्कळ ऐकल्या आहेत. आमच्या मते या वादाचा निवाडा आरडाओरड्याने व्हायचा नाही; तो माशाच्या शरीरातच शोधला पाहिजे.

माशाचे पहिले कवच म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर. हातातून मासा निसटावा एवढाच त्याचा उपयोग, असे आपण समजतो. पण त्या थरात जंतू मारणारी द्रव्ये असतात आणि तो सतत झडून नवा होत असल्याने चिकटलेले जंतूही वाहून जातात. कोरड्या हाताने किंवा खरबरीत जाळ्याने तो खरवडला, की रोगाला दार उघडे झाले.

दुसरी इजा डोळ्यांना दिसत नाही. मासा पकडला जाताच मेंदूकडून इशारा सुटतो आणि काही मिनिटांत रक्तातील कॉर्टिसॉल हा स्राव वाढू लागतो. माशाच्या हाडांत आपल्यासारखी रक्तपेशी घडवणारी मज्जा नसते. ते काम मुख्यतः मूत्रपिंडाच्या डोक्याकडील भागात चालते. कॉर्टिसॉल तयार करणाऱ्या पेशीही त्याच भागात असतात. म्हणजे कारखाना आणि धोक्याचा भोंगा एकाच आवारात! भोंगा वाजला की शरीराची शक्ती निसटण्याकडे वळते आणि रोगाशी झुंजण्याचे काम मागे पडते. रक्तातील लसिकापेशी घटतात, प्रतिद्रव्ये कमी बनतात. गोड्या पाण्यातल्या माशाचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असते. घाबरलेल्या माशाच्या कल्ल्यांतून क्षार बाहेर झिरपतात, आणि ते भरून काढण्यातही शक्ती खर्च होते.

एकदाच आणि थोडा वेळ हाताळलेल्या माशाचे कॉर्टिसॉल बहुधा तासाभरात नव्हे, तरी दिवसभरात उतरते. पण ते उतरण्याआधीच पुन्हा जाळे पडले, पुन्हा मोजणी झाली, पुन्हा भांडे बदलले, तर ताणावर ताण चढत जातो.

कॉर्टिसॉलच दोषी कशावरून? इंग्लंडमधील पिकरिंग आणि पॉटिंजर या संशोधकांनी १९८५ साली दाखवले, की कॉर्टिसॉल देऊन त्याचे प्रमाण वाढवलेले ट्राउट मासे बुरशीला आणि जिवाणूंच्या रोगाला अधिक बळी पडतात. हे जंतू बाहेरून कोणी आणावे लागत नाहीत. एरोमोनाससारखे जिवाणू आणि पाण्यातील बुरशी तलावात असतातच. धडधाकट मासा त्यांना दूर ठेवतो. दुबळ्या माशात त्यांना वाढायला काही दिवस लागतात, म्हणून मरण उशिरा दिसते.

उपाय महाग नाहीत. काम पहाटेच्या गारव्यात करावे. हात ओले ठेवावेत, जाळे मऊ आणि बिनगाठीचे असावे. पाण्याबाहेर मासा क्षणभरच राहावा. वाहतुकीआधी बोटुकली काही तास हाप्यात उपाशी ठेवावी, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. पिशवी उघडण्यापूर्वी ती तलावात तरंगत ठेवावी आणि दोन्ही पाण्यांची ऊब सारखी होऊ द्यावी. आणि एका दिवसात तीन वेळा मोजणी करू नये.

आता वादाकडे वळू. जाळे कोणते आणायचे, काम भर उन्हात चालवायचे की पहाटे, एका फेरीत किती पिशव्या भरायच्या, हे जाळे ओढणारा ठरवीत नाही. मग आठव्या दिवशीच्या मरणाचा भुर्दंड एकट्या त्याच्यावर का? हलका, ओला, सबुरीचा हात हे कसब आहे. ज्याला मासा जगवायचा आहे, त्याने त्या कसबाला वेळ दिला पाहिजे आणि दामही दिला पाहिजे.