साबुदाण्याचं झाड? छे, हा तर सायकस!

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या सोसायटीच्या बागेत बच्चेकंपनीची भातुकली अगदी रंगात आली होती. शेजारची चिमुरडी छोटीशी ताटली घेऊन माझ्यापुढे आली. ‘काकू, साबुदाण्याची खिचडी. खा ना!’ ताटलीत सुपारीएवढ्या, शेंदरी रंगाच्या बिया. ‘कुठून आणल्यास गं?’ विचारलं, तर तिनं गेटजवळच्या ‘सागो पाम’कडे बोट दाखवलं. हे साबुदाण्याचं झाड, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. माझ्या पोटात गोळाच आला!

मैत्रिणींनो, सगळा घोळ या नावानं केलाय. आपला उपासाचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो. त्याचे कारखाने तमिळनाडूत, सेलमच्या बाजूला आहेत. कुंडीतला ‘सागो पाम’ मात्र पाम नाहीच. तो सायकस. त्याचे सगळेच भाग विषारी आणि बिया सर्वांत जास्त.

तो ओळखायचा कसा? बुंधा बुटका, जाड, खवल्याखवल्यांचा. डोक्यावर गर्द हिरव्या, चकचकीत पानांचं गोल चक्र. पात्या कडक, कडा खाली वळलेल्या, टोक सुईसारखं टोचणारं. नवी पानं मधूनच एकदम फुटतात आणि त्यांच्या पात्या नेच्यासारख्या गुंडाळलेल्या असतात. अरेका पामची पानं अशी टोचत नाहीत. मादी झाडाच्या मधोमध मातकट, लवदार गड्डा येतो. त्यातच या बिया दडलेल्या असतात.

यातलं सायकसिन नावाचं विष पोटात गेलं की यकृतावर घाला घालतं. आधी उलट्या, पोटदुखी, जुलाब, गळून जाणं. पुढे कावीळही होऊ शकते. कुत्र्यांना तर एक-दोन बियाही जीवघेण्या ठरू शकतात. केरळात एका देशी सायकसच्या बियांचं पीठ खातात, पण त्या चिरून, वाळवून, पुनःपुन्हा पाणी बदलून भिजवल्यावरच. जपानमधल्या ओकिनावात १९२०च्या दशकातल्या हलाखीत लोकांनी सायकसवर भूक भागवली. विष नीट न काढता तो खाल्लेले काही जण दगावले. त्या दिवसांना तिथे ‘सायकसचा नरक’ म्हणतात. तेव्हा घरी असले प्रयोग नकोतच!

मुलानं बी चावलीच, तर तोंडातले तुकडे काढा, चूळ भरायला लावा. घरगुती उपायांनी उलटी काढू नका. त्रास सुरू व्हायची वाट न पाहता बी किंवा पान सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. कुत्र्यानं खाल्ली, तर लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

झाडाला नुसता हात लागला म्हणून विषबाधा होत नाही. म्हणून आम्ही ते उपटलं नाही. हातमोजे घालून बियांचा गड्डा काढला, भोवती जाळी लावली. घरात रांगतं बाळ किंवा कुत्रं असेल, तर मात्र ही कुंडी नकोच.

आमच्या चिमुरडीनं सुदैवानं एकही बी तोंडात घातली नव्हती. आता तीच येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावते, ‘हे साबुदाण्याचं झाड नाहीये हं!’