जुन्या विद्युत्-गाड्यांचा जीर्णोद्धार

विजेवर चालणारी गाडी हा अगदी अलीकडचा शोध आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाफ, पेट्रोल आणि वीज या तिन्ही शक्तींची रस्त्यावरील वाहतुकीसाठी एकमेकींशी स्पर्धा चालू होती. ताशी 100 किलोमीटरची मर्यादा ओलांडणारी पहिली गाडी विजेचीच होती. बेल्जियमच्या कामिय जेनात्सी याने 29 एप्रिल 1899 रोजी पॅरिसजवळ ती ताशी 105.88 किलोमीटर वेगाने चालविली. त्या काळातील ज्या थोड्या विद्युत्-गाड्या शिल्लक आहेत, त्यांची दुरुस्ती करून त्या पुन्हा रस्त्यावर आणणे हा अमेरिका व युरोपातील काही हौशी मंडळींचा छंद आहे. या छंदात हस्तकौशल्याइतकीच विवेकाचीही गरज असते. कारण जुन्या गाडीत काय राखावे आणि काय बदलावे, हा त्यातील मुख्य प्रश्न होय.

डेट्रॉइटची गाडी

अमेरिकेतील ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ ही अशा गाड्यांपैकी एक सुप्रसिद्ध गाडी. 1907 ते 1939 या काळात अशा सुमारे 13,000 गाड्या तयार झाल्या. त्यांचा वेग ताशी सुमारे 32 किलोमीटर असे. घटमाला एकदा पूर्ण भारित केली, की गाडी सुमारे 130 किलोमीटर जाते, असे उत्पादक सांगत. त्या वेळी पेट्रोलची गाडी सुरू करण्यासाठी पुढील दांडा हाताने जोराने फिरवावा लागे. विद्युत्-गाडीत हा त्रास नव्हता. धूर नव्हता आणि आवाजही फारसा नव्हता. त्यामुळे शहरांतील स्त्रियांमध्ये ती विशेष प्रिय झाली. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा अशीच गाडी वापरीत. त्यांची 1914 सालची गाडी डिअरबॉर्न येथील संग्रहालयात ठेवलेली आहे. पुढे 1912 मध्ये कॅडिलॅक गाडीत विजेचा स्वयंचालक आला, पेट्रोलच्या गाड्या स्वस्त झाल्या आणि विद्युत्-गाडी मागे पडली.

मोटर आणि नियंत्रक

या गाड्यांची रचना साधी असल्यामुळे त्यांचा जीर्णोद्धार शक्य होतो. विजेची मोटर स्थिर अवस्थेतूनच मोठा जोर लावू शकते. त्यामुळे क्लच व गिअरपेटी यांची आवश्यकता राहत नाही. मोटारीतील दिक्परिवर्तक तांब्याच्या पट्ट्यांचा बनविलेला असून त्या पट्ट्यांमध्ये अभ्रकाचे पातळ थर असतात. तांबे झिजते, परंतु अभ्रक त्यापेक्षा कठीण असल्याने वर राहते. मग कार्बनचे ब्रश उडू लागतात व ठिणग्या पडतात. म्हणून कारागीर तांबे लेथवर सारखे करतो आणि अभ्रक किंचित खाली कोरून घेतो.

मोटर फिरू लागली, की तिच्यातच उलट दिशेचा विद्युत्-दाब निर्माण होतो व तो प्रवाहाला आवर घालतो. स्थिर मोटारीत असा दाब नसतो; तिला घटमाला थेट जोडल्यास प्रचंड प्रवाह वाहील. हे टाळण्यासाठी चालकाच्या हाताशी असलेला नियंत्रक प्रवाह टप्प्याटप्प्याने वाढवितो. त्याचे जळालेले तांब्याचे स्पर्शक घासून साफ करावे लागतात किंवा नवे घडवावे लागतात. तारांवरील जुने रबर व कापड ठिसूळ झालेले असते. त्यामुळे निरोधनाची तपासणी होईपर्यंत गाडीला वीज जोडणे धोक्याचे ठरते.

घटमालेचा प्रश्न

मोटर शंभर वर्षे टिकू शकते. शिशाच्या घटांची माला काही वर्षांतच निकामी होते. असा प्रत्येक घट सुमारे 2 व्होल्ट दाब देतो. म्हणजे 84 व्होल्टसाठी 42 घट हवेत. घट रिकामे ठेवले, तर पट्टिकांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात व घटाची शक्ती घटते. एडिसनचे निकेल-लोखंडाचे घट महाग होते व त्यांपैकी प्रत्येक घट सुमारे 1.2 व्होल्टच देई. परंतु ते फार चिवट होते. आतील पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण बदलल्यावर असे काही जुने घट पुन्हा काम देऊ लागले आहेत.

आज लिथियमचे हलके घट मिळतात. ते बसविल्यास गाडी अधिक दूर जाऊ शकते. मात्र तिच्या स्प्रिंगा शिशाचे वजन पेलण्यासाठी बनविलेल्या असतात. वजन एकाएकी कमी झाले, तर गाडी उसळते आणि तिचा तोल बदलतो. शिवाय प्रत्येक लिथियम घटाचा दाब मर्यादेत राखणारी वेगळी यंत्रणा बसवावी लागते. त्यासाठी मूळ सांगाड्याला भोके पाडली किंवा जुन्या तारा फेकून दिल्या, तर त्या काळच्या कारागिरांनी गाडी कशी जुळविली होती याचा पुरावा कायमचा नष्ट होतो. म्हणून जाणकार मंडळी नवे भाग अशा रीतीने बसवितात, की ते पुढे काढता यावेत. काढलेले मूळ भाग ते खूण करून जपून ठेवतात आणि प्रत्येक बदलाची नोंद करतात.

रस्त्यावर

दुरुस्त झालेली गाडी चालविणे हीही एक कला आहे. डेट्रॉइटच्या गाडीला गोल चक्र नाही. आडवा दांडा पुढे-मागे लोटून ती वळवावी लागते. ब्रेक केवळ मागील चाकांना असल्यामुळे पुढील वाहनापासून बरेच अंतर ठेवावे लागते. चढ आला, की घट लवकर रिकामे होतात. म्हणून परतीच्या वाटेचा हिशोब आधीच करावा लागतो. शिशाचे घट भारित होताना हायड्रोजन वायू सुटतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा 4 झाले, तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो; यासाठी भारणाची जागा हवेशीर असली पाहिजे.

ब्रिटनमध्ये घरोघर दूध पोहोचविणाऱ्या जुन्या विद्युत्-गाड्याही याच आस्थेने जपल्या जातात. संग्रहालयात स्थिर उभी असलेली गाडी तिचे रूप दाखविते. चालती गाडी तिचा वेग, तिची शांतता आणि तिच्या मर्यादाही दाखविते. आजच्या विद्युत्-वाहनांपुढे असलेले घटाचे वजन, त्याचे आयुष्य व भारणास लागणारा वेळ हे प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही होते. ते त्या वेळी कितपत सुटले होते, हे अशा गाडीतून केलेल्या एका फेरीत प्रत्यक्ष समजते.