कॅमेरा हलतोय? आधी रिकाम्या पडद्याची प्लेट बनवा

हिरव्या पडद्यासमोरच्या, हलत्या कॅमेऱ्याच्या शॉटमध्ये की, म्हणजे पडद्याचा रंग वेगळा काढण्याची क्रिया, बिघडली की बहुतेक जण कीअरचे स्लायडर ओढत बसतात. दोष बहुधा तिथे नसतोच. हिरव्या पडद्यावरचा प्रकाश कोपऱ्यागणिक बदलतो आणि कॅमेरा सरकला की हा फरक फ्रेमभर फिरतो. मग एकच निवडलेला हिरवा रंग सगळीकडे कसा चालेल? कॅमेरा ट्रॅक झालेला असेल तर थ्रीडीत पडद्याच्या जागी सपाट कार्ड ठेवा आणि वेगवेगळ्या फ्रेममधले, नट मध्ये न आलेले तुकडे त्यावर प्रोजेक्ट करा. प्रत्येक फ्रेमची स्वच्छ प्लेट मिळते. न्यूक या कंपोझिटिंग सॉफ्टवेअरमधला आयबीके कीअर अशाच प्लेटशी तुलना करून केसांच्या कडा वाचवतो. पडद्याला सुरकुत्या असतात, तो सपाट कुठे, असं कुणी म्हणेल. खरंय, पण कॅमेऱ्यापासूनच्या अंतरापुढे त्यांची खोली सहसा नगण्य असते. नटाची सावली मात्र या प्लेटमध्ये येत नाही. तिथे वेगळी की लावा.