डुकराचें मांस पाणी कां सोडतें?

नाताळ जवळ आला म्हणजे शहाड-कल्याणकडील ख्रिस्ती घरांतून इंदेल, सोरपोतेल यांची तयारी सुरू होते. एका खेपेचें मांस गुलाबी, घट्ट व रसाळ निघतें; दुसऱ्या खेपेचें, भाव तोच असूनही, फिकें व लिबलिबित असून पातेल्यांत पाणी सोडतें आणि आटून जातें. मग बोल लागतो तो स्वयंपाक करणारीला! वास्तविक या दोषाचें मूळ चुलीपाशीं नसून जनावराच्या स्नायूंत व त्याच्या वंशांत असतें, हें आम्ही वाचकांस सांगूं इच्छितों.

स्नायूंत ग्लायकोजेन नांवाचा साखरेचा सांठा असतो. प्राण गेल्यावर रक्ताबरोबर येणारा प्राणवायु थांबतो आणि त्या सांठ्याचें दुग्धाम्ल, म्हणजे दह्यास आंबटपणा आणणारें तेंच आम्ल, होऊं लागतें. आम्लता मोजण्याचें माप जें पीएच, तें सुमारें ७ वरून कांहीं तासांत ५.६ च्या आसपास उतरतें. तोंवर मांस थंड होत आलेलें असतें. म्हणून तें चांगलें राहतें. परंतु मरणापूर्वीं जनावर भेदरलें अथवा मार खाऊन धांवलें, तर हेंच आम्ल मांस उष्ण असतांनाच झपाट्यानें तयार होतें. उष्णता व आम्ल एकत्र येतांच स्नायूंतील प्रथिनें बिघडतात आणि त्यांनीं धरलेलें पाणी सुटतें. उलटपक्षीं, लांबच्या प्रवासानें व उपासानें सांठाच संपला असेल, तर आम्ल पुरेसें होत नाहीं. मांस काळसर, कोरडें राहतें व लवकर नासतें.

आतां वंशाचें पाहूं. स्नायूंतील कॅल्शियमच्या सांठ्यास प्रथिनाचें एक दार असतें. त्या दाराच्या जनुकांत एकाच अक्षराचा फरक पडल्यानें तें गळकें होतें, असें १९९१ सालीं कॅनडांतील संशोधकांनीं दाखविलें. अशीं पिलें हॅलोथेन या भुलीच्या औषधानें ताठरतात. आई व बाप या दोघांकडूनही हा वारसा आला म्हणजे दोष पुरता प्रकटतो; एकाकडूनच आल्यास जनावर धडधाकट दिसतें, पण दोष पुढील पिढीस देऊं शकतें. चरबी कमी व मांस अधिक, या हौसेनें निवडलेल्या बेल्जमच्या पिएत्रँ जातींत हा दोष फार पसरला होता. हॅम्पशायर जातींत निराळाच जनुक सांपडला. तो स्नायूंतील ग्लायकोजेन सुमारें ७० टक्क्यांनीं वाढवितो, हें २००० सालीं उघड झालें.

आपल्याकडे गोव्याची ‘अगोंदा गोवन’ ही नोंदलेली देशी जात आहे. अशा जातीशीं परदेशी नराचा संकर करणाऱ्यानें नराचा केवळ पुष्ट देह पाहूं नये; त्याच्या जनुकांची परीक्षाही करून घ्यावी.

शिरका कितीही ओतला तरी सुटलेलें पाणी परत मांसांत जात नाहीं. जनावरास मरणापूर्वीं विसांवा, पाणी व शांतता देणें ही मुक्या जिवावरची दया तर आहेच. पण तीच आपल्या ताटांतील घासाचीही राखण करते, हें आमच्या बालवाचकांनीं ध्यानीं ठेवावें.